डॉक्टरांचा कॉम्प्युटर

मुंगी हे नाव तिला दादानं ठेवलं होतं. चाळिशी उंबऱ्याशी येऊन थांबली, चष्मा लागला, अंगानं ती चांगली भरली, तरी ते नाव काही गळून पडलं नाही. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. डॉक्टरांनी नुसता तळहात पुढे केला की त्यांना हवं ते हत्यार त्यात अलगद येऊन पडायचं. त्या खोलीत तोंड उघडायची वेळ फक्त पेशंटवर यायची. तिथे सगळे तिला सिस्टर म्हणत. मुंगी म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो दूरच्या गावी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर पाळीनं कामाला जायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. एकटा जीव सदाशिव.

दर रविवारी दुपारी बहीणभावांचा फोन व्हायचा.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवलो. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे."

"चल मग."

भांडण म्हणाल तर तिळाएवढंही नव्हतं. पण आई होती तोवर दोघांना एकमेकांशी बोलायची गरजच पडली नव्हती. आई दोघांचं ऐकून घ्यायची, त्याला पदरचं थोडं तिखटमीठ लावायची आणि इकडचं तिकडे पोचतं करायची. दादा रुसलाय हे मुंगीला आईकडून कळायचं, आणि मुंगीनं समजूत घातली हे दादालाही आईकडूनच. आई गेली आणि मधलं टपाल बंद पडलं.

एका संध्याकाळी आईच्या शिलाई मशीनला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून मुंगीनं वार मोडून दादाला फोन लावला. "थांब जरा," म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवला, तो बंद करायचा राहिलाच. आणि मुंगीला दादाचा आवाज ऐकू आला. जो रविवारी "बरं आहे" म्हणतो तो नव्हे, दुसराच. "अरे मागून आला, मागून! मागून म्हणजे तुझ्या मागून, माझ्या नाही!" मग खो खो हसणं, मग कुणालातरी शाबासकी, मग त्याच कुणालातरी गाढव. खेळ चालला होता. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून कानाला हेडफोन लावून एका पलटणीत लढत होती आणि दादा त्यांचा म्होरक्या होता. मुंगी फोन कानाला लावून उभीच राहिली. लहानपणी शेजारच्या काकांनी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर घरात आला होता, तेव्हा दादा असा ओरडायचा. अख्खा कीबोर्ड त्याचा. मुंगीच्या वाट्याला एकच बटण, उडीचं. दादानं सांगितलं की दाबायचं. गडी दरीत पडला तर चूक मुंगीची, पलीकडे पोचला तर हुशारी दादाची.

अर्ध्या तासानं दादा फोनवर आला. "अगं, तू अजून आहेस? बोल. जेवलीस?"

त्या दिवशी भांडी विसळता विसळता मुंगीनं ठरवलं. माणूस जिथे भेटतो तिथे जावं. हा जर त्या खेळात भेटत असेल तर आपण त्या खेळात जायचं.

नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा तो पायातले मोजे काढत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा; दिवसभर वरखाली करून आला की घरी सहसा कशालाच वर किंवा खाली म्हणायचा नाही. सोफ्यासाठी दोघांनी मिळून थोडे पैसे बाजूला टाकले होते, त्याबद्दल मुंगीनं जरा चाचरतच विषय काढला.

"सोफ्यावर बसून आपण काय करणार होतो?" त्यानं विचारलं.

"बसणारच होतो."

"मग खुर्चीवर बसू. पण मलाही अधूनमधून खेळायला मिळायला पाहिजे."

एवढ्यावर घरची मंजुरी मिळाली. आता प्रश्न होता कॉम्प्युटर कसा घ्यायचा. तयार घ्यावा तर सोफ्याच्या पैशात येणारे सगळे फायली उघडण्याच्या लायकीचे. खेळासाठी स्वस्तात हवा असेल तर एकेक भाग निवडून जुळवावा लागतो, एवढं मुंगीला कळलं, आणि त्यापुढचं सगळं कळणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. पण दादाला सांगावं तरी पंचाईत. दादाकडे मदत मागणं म्हणजे उंटाला तंबूत घेणं. तो सगळं स्वतः ठरवणार, स्वतः मागवणार, वर "तू हात लावू नकोस, मी आल्यावर जोडतो" म्हणणार. मुंगीच्या वाट्याला पुन्हा एक बटण.

रविवारी "चल मग" यायच्या आत तिनं घाई केली. "दादा, एक विचारायचं होतं. गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवायचा तर सुरुवात कुठून करावी?"

"कोणाला पाहिजे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमच्या डॉक्टरांना," मुंगी म्हणाली.

"डॉक्टर गेम खेळतात?"

"खूप नाद आहे. कोणाला सांगत नाहीत."

आता तिचे डॉक्टर म्हणजे साठी ओलांडलेले, बोलायला हळू, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे गृहस्थ. फोनवर आलेला फोटो मोठा करून पाहायलाही त्यांना सिस्टर लागायची. पण दादानं त्यांना पाहिलं कुठे होतं?

दादाला कंठ फुटला. "बजेट किती? थोडकं ना? मग ऐक. अंथरूण पाहून पाय पसरायचे, पण पाय पसरायचे ते ग्राफिक्स कार्डाकडे. खेळाचं चित्र तेच काढतं. सगळ्यात जास्त पैसे तिथे. प्रोसेसर मधला घे, म्हणजे घ्यायला सांग. सगळ्यात महागातला घेऊन मिरवणारे असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. रॅमच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक मोठी नाही, दोन लहान. आणि पॉवर सप्लायमध्ये चिकटपणा करायचा नाही. तो सगळ्यांना जेवू घालतो. तोच नासका निघाला तर पंगतीला सगळेच आजारी."

मुंगी कॅलेंडरच्या पाठीवर भराभर लिहीत होती. फोन ठेवला तेव्हा चहा करायची वेळ टळून गेली होती, आणि दोघांतल्या कोणीही जेवणाचा विषय काढला नव्हता.

तिथून पुढे फोनला रविवारची वाट पाहावी लागेना. डॉक्टरांना रोज नवी शंका यायची. डॉक्टरांना सेकंडहँड कार्ड चालेल का? दादा म्हणे, चालेल, पण आधीच्या मालकानं त्याला दिवसरात्र जुंपलेलं असलं तर काय करणार? जुना बैल दात पाहून घेता येतो, कार्डाला दात कुठले? नवंच घ्यायला सांग, एक पायरी खालचं चालेल. डॉक्टरांना रंगीत दिव्यांचे पंखे आवडलेत. दादा म्हणे, दिव्यांनी खेळाचा वेग वाढत नाही, तेवढ्यात स्क्रीन बरा येईल. डॉक्टरांना पांढरं कॅबिनेट हवंय, लहानसं, खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये मावणारं.

"पांढरं?" दादा उखडला. "काळं मोठं घ्यायला सांग. लहान कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही."

"ते म्हणतात, पुढून जाळीचं असलं तर खेळते."

"हे त्याला कोणी सांगितलं?"

"वाचलं असेल त्यांनी."

खरं तर दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मुंगीच वाचत होती. दिवसागणिक डॉक्टर जास्त शहाणे आणि जास्त हट्टी व्हायला लागले. "तुझा डॉक्टर चेंगट आहे," दादा म्हणायचा. "गाढव आहे," असंही एकदा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी डबल ड्युटी करून आला तरी त्याचाच फोन यायचा, "मग, काय म्हणतो तो?"

आणि बोलता बोलता पंख्यांवरून गाडी भलतीकडेच जायची. दादाच्या केंद्रावरच्या टाकीत एक कासव सापडलं होतं आणि साहेबांनी त्याची रीतसर चौकशी लावली होती, हे मुंगीला रॅमच्या चर्चेत कळलं. दादाचा गुडघा कुरकुरतोय आणि जिने चढणं नको होतं, हे स्क्रीनच्या चर्चेत. मदरबोर्डाचं बोलणं चाललं असताना तो मधेच म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, एवढा खल तर तुझ्या लग्नाला नव्हता केला." दोघं हसली. हसून झाल्यावरही फोन कोणी ठेवला नाही.

निवड केव्हाच झाली होती. मुंगीलाही ते ठाऊक होतं. सगळं ठरून पुढच्या महिन्याचं पान उलटलं तरी डॉक्टरांचं कीबोर्डाबद्दल काही नक्की होत नव्हतं.

शेवटी नवराच म्हणाला, "तू कॉम्प्युटर घेणार आहेस की नुसतीच त्याच्यावर पीएचडी करणार आहेस?"

मग मात्र शनिवारी दोघं दुकानात गेली. अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी, आणि गल्ल्यावर चष्मा केसांत खोचलेली एक ठसठशीत बाई. तिनं आधी नवऱ्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली. नवऱ्यानं अंगठ्यानं मुंगीकडे खूण केली आणि तो एका पंख्याचे दिवे बघत बसला. बाईनं मुंगीला काचेचं झगमगणारं कॅबिनेट दाखवलं. मुंगी म्हणाली, जाळीचं पांढरं. बाईनं महागडा कूलर पुढे केला. मुंगी म्हणाली, प्रोसेसरबरोबर येतो तोच पुरे. पॉवर सप्लायच्या वेळी बाईनं एक स्वस्तातला, हातात घेतल्यावर पोकळ वाटणारा डबा काढला, तेव्हा मुंगी काही न बोलता तिच्याकडे नुसती पाहत राहिली. लहान मुलं चॉकलेट खाल्लं नाही म्हणतात तेव्हा ती दवाखान्यात पाहते तसं. बाईनं डबा परत ठेवला, केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिथून पुढे दोघींचं चांगलं जमलं. जोडून द्यायचे वेगळे पैसे घेते, पण तुम्हाला फुकट जोडून देते, असंही ती म्हणाली. मुंगीनं नको म्हटलं. जोडायचं तर तिला स्वतःलाच होतं.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत चादर अंथरून सगळे भाग मांडले. प्रोसेसर बसवताना मुंगीनं श्वास रोखला. पण दाढेत कापूस ठेवायची सवय असलेला हात तो, प्रोसेसर अलगद जागेवर गेला. रॅमच्या पट्ट्या टक् टक् करून बसल्या. मदरबोर्ड स्क्रूंवर बसला. सगळं लोण्यात सुरी जावी तसं चाललं होतं. शेवटी ग्राफिक्स कार्ड हातात घेतलं, खाचेशी नेलं, आणि ते पुढे अडकलं. तिरकं करून पाहिलं, उलट बाजूनं पाहिलं. चांगलं दोन बोटं लांब होतं.

"तू मापं घेतली होतीस ना?" नवऱ्यानं विचारलं.

मुंगीनं घेतली होती. कॅबिनेटची बाहेरून घेतली होती, खिडकी आणि कपाटामध्ये बसावं म्हणून. आत काय बसेल हे बघायचं राहिलं होतं. हत्ती गेला आणि शेपूट दारात अडकलं. तेही सगळ्यात महागडं शेपूट.

तिनं दादाला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून ती म्हणाली, "दादा, डॉक्टरांचं कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाहीये."

"लांबी बघायला सांगितली होती मी."

"हो. विसरले ते."

"हा माणूस लोकांच्या तोंडात दात कसे बसवतो?" दादा म्हणाला. "गाढव आहे. दे त्याला फोन."

मुंगीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले.

"ते हात धुतायत," ती म्हणाली.

"रविवारी?"

"सवय आहे त्यांना. तू मला सांग, मी त्यांना सांगते."

दादानं सुस्कारा सोडला. "बरं. कार्ड जिथे अडतंय तिथे एक पत्र्याचा पिंजरा आहे बघ, जुन्या हार्डडिस्क ठेवायचा. तो लागत नाही त्याला. डॉक्टरला म्हणावं, कॅबिनेट आडवं कर आणि बुडाशी स्क्रू असतील ते काढ."

"डॉक्टर, आडवं करा," मुंगी हवेत म्हणाली. नवऱ्यानं कॅबिनेट आडवं केलं. तिनं स्क्रू काढले. एक जरा घट्ट होता. तो निघाला तसा पिंजरा सुटून खळ्कन हातात आला. मोठा दगड छातीवरून उतरावा तसं तिला झालं. कार्ड आत सरकलं आणि खाचेत बसल्याचा टच्च आवाज आला.

"बसलं!" ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणतात ते."

"आनंद झाला वाटतं तुझ्या डॉक्टरला."

"फार."

दुपारी वायरी जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली. मग नवऱ्याच्या लक्षात आलं की स्क्रीनची स्वतःचीही एक वायर असते. ती लावल्यावर उजेड पडला.

पुढचे काही दिवस मुंगी मुकाट्यानं खेळ शिकत होती. दादाच्या पलटणीत जायचं तर निदान चालता यायला हवं होतं. तिचा गडी अजून भिंतीला नाक लावून उभा राहत होता. नवऱ्याचं बरं होतं, त्याला एक गाड्यांचा खेळ सापडला होता. आणखी आठवडाभरानं दादाला सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

त्याआधीच एका दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि खांद्याला पिशवी लावून दादा आत आला. पांढऱ्या कडेच्या मिशा, गाल धरलेला. मुंगीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"दात दुखतोय," दादा म्हणाला. "म्हटलं, घरचाच डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला जा. एकदा बघायचंच होतं याला."

"दादा, आत जाऊन तू काही बोलू नकोस," ती घाईनं कुजबुजली. "कामाच्या वेळी त्यांना गप्पा चालत नाहीत."

पण तेवढ्यात डॉक्टरांनी आतून पुढचा पेशंट म्हणून हाक मारली, आणि दादा खुर्चीत जाऊन बसलाही.

"डॉक्टर, आपली ओळख आहे तशी," तो म्हणाला. "फोनवरची."

डॉक्टरांना बरेच लोक फोन करत. "असेल, असेल," ते मवाळपणे म्हणाले.

"चालतंय ना व्यवस्थित?"

"चालतंय. आता पूर्वीसारखा वेग नाही राहिला, पण चालतंय."

"वेग नाही?" दादा ताठ बसला. "तापतंय का?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या, हवा मारायच्या यंत्राकडे पाहिलं. "दुपारी तापतं खरं. मी खिडकी उघडतो."

"खिडकीनं काय होणार? पुढची जाळी साफ करा. धूळ बसते."

"हे अगदी बरोबर बोललात. सिस्टर, आपण जाळी कधी साफ केली होती?"

सिस्टर भिंतीकडे तोंड करून कापसाचे बोळे मोजत होती.

"पॉवर सप्लाय मात्र चांगला घेतलात हे बरं केलंत," दादा म्हणाला. "लोक तिथेच वाचवतात आणि मग सगळं जळून बसतं."

"माझा जळला ना मागच्या वर्षी," डॉक्टर कळवळून म्हणाले. त्यांच्या मनात पेशंटच्या खुर्चीचा होता. "वीस वर्षं चालला होता."

दादानं डॉक्टरांकडे नव्या नजरेनं पाहिलं. वीस वर्षं. "रोज खेळता?"

"रोज. पहाटे, बायकोबरोबर," डॉक्टर म्हणाले. ते बॅडमिंटनबद्दल बोलत होते. "पण खरं सांगू का, ती मला हरवते."

दादानं आपणहून तोंड उघडलं.

डॉक्टरांनी आरशानं आत पाहिलं. "कोणता दुखतोय?"

दादानं वरच्या एका दाताला बोट लावलं. डॉक्टरांनी त्यावर टकटक केली, गार पाणी मारलं, पुन्हा टकटक केली. "हा तर ठणठणीत आहे. शेजारची दाढ किडलीय, दुखायला पाहिजे ती. ती नाही दुखत?"

"नाही."

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या दुपारी या, ती भरून टाकू."

काम संपेपर्यंत दादा बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मुंगीनं मधेच नवऱ्याला फोन केला, "कॉम्प्युटर झाक. दादा येतोय." घरी पोचली तेव्हा नवऱ्यानं हुकूम पाळलेला होता. खिडकी आणि कपाटाच्या मधल्या टेबलावर फुलाफुलांची चादर पसरलेली होती. फक्त गाड्यांचा खेळ बंद करायला तो विसरला होता. चादरीतून निळसर उजेड येत होता आणि आतून इंजिनाची घरघर.

दादानं पिशवी खाली ठेवली. "चादरीखाली काय आहे?"

"टेबल," नवरा म्हणाला.

"टेबल गिअर बदलतंय."

नवऱ्याला अचानक दूध आणायची आठवण झाली आणि तो चपला घालून निघून गेला. दादानं चादर उचलली. जाळीचं पांढरं कॅबिनेट. तो गुडघा सांभाळत खाली वाकला, बाजूचा पत्रा सरकवून आत पाहिलं. पिंजऱ्याची रिकामी जागा पाहिली, त्यातून गेलेलं कार्ड पाहिलं, वायरी कशा बांधल्यात ते पाहिलं. त्या हिरडी शिवायच्या गाठीनं बांधल्या होत्या. बराच वेळ तो तसाच वाकून होता.

"म्हणजे इतके दिवस मी शिव्या कोणाला देत होतो?"

"मला," मुंगी म्हणाली. "गाढव तर दोनदा म्हणालास."

"तो जो दवाखान्यात बसलाय, त्याला यातलं काहीच माहीत नाही?"

"त्यांना मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, दादा."

दादा खुर्चीत बसला. हसेल असं तिला वाटलं होतं, पण तो हसला नाही. "मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. आवाजात थोडं लागल्यासारखं होतं. "मी काय परका होतो?"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळं स्वतःच मागवलं असतंस. खोक्यावर नाव माझं आणि आत सगळं तुझं."

दादानं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "मागवलं असतं," तो म्हणाला.

"आणि एका दिवसात मागवलं असतंस. मग दुसऱ्या दिवशी मी कशाच्या नावाखाली फोन केला असता?"

दादानं कॅबिनेटवरची नसलेली धूळ बोटानं पुसली. पंखे फिरत होते. स्क्रीनवर नवऱ्याची गाडी शर्यतीच्या मधोमध उभी होती आणि बाकीच्या तिला वळसा घालून जात होत्या.

"माझा दात दुखत नव्हता," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"माहीत आहे. मी शेजारीच उभी होते."

"सुट्टी साचली होती. नुसतं येतो म्हणायचं तर कशाला म्हणून विचारलं असतंस."

"विचारलं असतं," मुंगी म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. कपबश्या काढताना तिनं त्या उगाच दोनदा खळखळवल्या, डोळे पुसायला तेवढा वेळ लागला.

नवरा दूध घेऊन आला तेव्हा मेहुणा खेळाची सेटिंग बदलत होता आणि बायको त्याला तसं करू देत नव्हती, त्यावरून मिटलं असं त्यानं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाढ भरून झाली. किडीनं खोल घर केलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी बधिर करायची सुईही सढळ हातानं टोचली. डॉक्टरांनी दादाला निरोप देताना त्याच्या सल्ल्यानं जाळी साफ केल्याचं आवर्जून सांगितलं. यंत्र आता तापत नाही म्हणाले. दादानं आभार मानायला तोंड उघडलं, पण अर्धं तोंड त्याचं ऐकत नव्हतं. घरी आला तो गाल लोंबकळत, ओठाला रुमाल लावून.

संध्याकाळी त्यानं स्वतःच्या खात्यावरून पलटणीला निरोप लिहिला की आज एक नवी भिडू येतेय, आणि मुंगीला हेडफोन घालून खुर्चीत बसवलं. स्वतः शेजारी स्टूल ओढून बसला. पलटणीतली माणसं नमस्कार-चमत्कार करून मोकळी झाली आणि खेळ सुरू झाला. मुंगीच्या गड्यासमोर एक पडकं गोदाम होतं, दोन दारं होती.

"आवीअं," दादा म्हणाला.

"काय?"

"आवीअं! आवीअं!" रुमाल बाजूला करून तो हातवारे करू लागला.

"डावीकडे म्हणतायत का?" नवरा मागून म्हणाला. "का आडवी हो?"

दादानं कपाळावर हात मारला. तो हात बधिर गालावरून घसरला तरी त्याला पत्ता नव्हता. मुंगीनं एकदा डावं दार पाहिलं, एकदा उजवं. दहा बोटं कीबोर्डावर पसरली होती आणि सगळी तिचीच होती. ती उजवीकडून आत शिरली, आणि आत शिरल्या शिरल्या समोरच्यानं तिला गार केलं.

"आअव," दादा समाधानानं म्हणाला.

"हे मला कळलं," नवरा म्हणाला.

मुंगीनं खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "पुढचा डाव कधी सुरू होतो?" तिनं हेडफोनमधल्या लोकांना विचारलं.